फिक्या रंगाला फसू नका: ग्रेनाश वाइन चाखण्याची पद्धत

ग्रेनाश या लाल द्राक्षाच्या वाइनची पहिली बाटली उघडणाऱ्याचा बहुधा दोनदा गैरसमज होतो. ग्लासात वाइन फिकी दिसते, म्हणून ती पाणचट असेल असे वाटते. मग घोट घेतला की घशाशी ऊब जाणवते, जिभेवर पिकलेल्या फळाचा गोडवा पसरतो, आणि हिच्यात साखर आहे असे वाटते. दोन्ही अंदाज चुकीचे. या द्राक्षाची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्य कमी असते, म्हणून रंग फिका. मण्यात साखर मात्र भरपूर साठते, आणि यीस्ट तिचे जवळजवळ पूर्ण मद्यार्कात रूपांतर करते. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, ग्रेनाशमध्ये उरलेली साखर सहसा लिटरला ४ ग्रॅमच्या आत असते, पण मद्यार्क १४.५ ते १५.५ टक्क्यांपर्यंत जातो. मद्यार्क स्वतः किंचित गोड लागतो आणि पिकल्या फळाचा वास त्या गोडव्याला दुजोरा देतो. जोडीला या वाणात मॅलिक आम्ल कमी, म्हणून गोडव्याला कापणारी धारही बोथट.

ग्रेनाश चाखताना शोधायचे ते एवढेच: इतक्या उबेसमोर ताजेपणा टिकला आहे का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत.

आधी वेलीबद्दल थोडे

ग्रेनाशचे मूळ बहुतेक जाणकार स्पेनच्या आरागोन भागात मानतात. तिथे ती गार्नाचा. सार्डिनिया बेटावर तिला कान्नोनाऊ म्हणतात आणि ती आमचीच, असा तिथल्या लोकांचा दावा आहे. वेल दुष्काळ सोसते, ताठ वाढते, जोराच्या वाऱ्यात मोडत नाही. म्हणूनच दक्षिण फ्रान्सच्या मिस्त्राल वाऱ्यात ती तारेच्या आधाराशिवाय, बुटक्या झुडपासारखी वाढवली जाते. तिचा दुबळेपणा फुलोऱ्यात दिसतो. त्या दिवसांत थंडी, पाऊस किंवा जोराचा वारा आला की फुले गळतात, मणी धरत नाहीत आणि घड विरळ राहतात.

चवीच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली, ही द्राक्षे उशिरा पिकतात. साल आणि बी पिकेपर्यंत थांबले की तोवर साखर खूप पुढे गेलेली असते. लवकर काढली तर वाइन हिरवट आणि पोकळ, उशिरा काढली तर मुरंब्यासारखी. या दोहोंमधली मुदत कधीकधी काही दिवसांचीच असते. दुसरी, सुपीक जमिनीत भरपूर पाणी दिले की वेल बेसुमार पीक देते आणि वाइन बेचव होते. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-दु-पापच्या नियमांत हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३,५०० लिटर, एवढीच मर्यादा ठेवली आहे ती उगाच नाही. जुन्या वेलींचे कौतुक होते त्यामागेही हेच आहे: त्या कमी घड देतात. मात्र लेबलवर ‘जुन्या वेली’ असे छापायला किती वर्षे लागतात याची सर्वत्र लागू होणारी व्याख्या नाही, तेव्हा त्या शब्दांवर फार विसंबू नये.

बाटल्या कोणत्या घ्याव्यात

एकच बाटली घेऊन ग्रेनाश कळत नाही. पहिल्या बैठकीला तीन घ्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या स्वभावाच्या.

पहिली, उंचावरची गार्नाचा. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोस डोंगररांगांत ग्रॅनाइटच्या रेताड मातीत, ९०० मीटरच्या वर जुन्या वेली आहेत. तिथली वाइन फिकी, सुगंधी आणि चणीने बारीक असते. ती मिळाली नाही तर आरागोनमधल्या कालातायुदची उंचावरची बाटली चालेल.

दुसरी, फ्रान्समधल्या दक्षिण ऱ्होनची मिश्र, म्हणजे अनेक वाणांची, वाइन: जिगोंदास, वाकेरास किंवा शातोनफ-दु-पाप. इथे लेबलवर द्राक्षाचे नाव सहसा नसतेच, गावाचे नाव असते. जिगोंदासच्या लाल वाइनमध्ये निम्म्याहून कमी ग्रेनाश चालत नाही. शातोनफमध्ये तशी अट नाही, तरी बहुतेक उत्पादक तिलाच मुख्य ठेवतात आणि सिरा, मूरवेद्र, सँसो ही द्राक्षे जोडीला घेतात. बजेट कमी असेल तर कोत-दु-ऱ्होन विलाज घ्या. मात्र साध्या कोत-दु-ऱ्होनमध्ये कधीकधी सिराचे प्रमाण जास्त असते, म्हणून मागचे लेबल वाचूनच उचला.

तिसरी, भारदस्त बाटली: कातालोनियातील प्रियोरात किंवा ऑस्ट्रेलियातील बरोसा अथवा मॅक्लारेन वेलची जुन्या वेलींची. प्रियोरातची माती म्हणजे ल्यिकोरेया नावाची काळसर पाटीच्या दगडाची खडी. तिथे गार्नाचासोबत बहुधा कारिन्येना हे द्राक्ष असते, आणि तीच त्या वाइनला आम्लतेचा कणा देते. हा भाग १९८९ च्या सुमारास आलेल्या मोजक्या नव्या उत्पादकांमुळे पुन्हा नावारूपाला आला. रेने बार्बियर आणि आल्वारो पालासिओस ही त्यांतली दोन नावे.

तिन्ही बाटल्या २ ते ५ वर्षांच्या असाव्यात. मद्यार्काचा आकडा टिपून ठेवा, पण तो अगदी काटेकोर समजू नका: युरोपीय नियमांत अर्धा टक्का इकडेतिकडे चालतो, म्हणजे १४.५ छापलेली वाइन प्रत्यक्षात १५ असू शकते.

मांडणी

तपमानाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. इतर वाणांत दोन-तीन अंशांची चूक खपून जाते. ग्रेनाशमध्ये ती सगळी बैठक बिघडवते. १५ टक्के मद्यार्काची वाइन २२ अंशांवर ओतली तर मद्यार्क आधी नाकात शिरतो, फळ मागे राहते आणि घोट जळजळीत लागतो. मग दोष वाइनला दिला जातो. फिक्या, उंचावरच्या गार्नाचासाठी १४ ते १५ अंश आणि जाड बाटल्यांसाठी १६ ते १७ अंश सेल्सिअस योग्य. खोली २५ अंशांची असेल तर बाटली फ्रिजमध्ये पाऊण ते एक तास ठेवा, किंवा बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत ८ ते १० मिनिटे. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण काचेला चहूबाजूंनी स्पर्श पाण्याचाच होतो. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर असेल तर थेट ग्लासातले तपमान मोजा. ग्लासात ओतल्यावर वाइन गरम होत जातेच, म्हणून एखादा अंश गार ओतणे बरे.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. तीन सारखे ग्लास घ्या, वेगवेगळ्या आकारांत तुलना होत नाही. प्रत्येकात ५० मिलिलिटर ओता, याहून जास्त नको. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे १५ वाटे होतात, म्हणजे एका बाटलीत मोठा गटही बसतो. सोबत पांढरा कागद, साधे पाणी, बिनमिठाचा पाव आणि थुंकण्यासाठी एक भांडे. थुंकण्यात कमीपणा नाही. धंद्यातले चाखणारे सगळेच थुंकतात. १५ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर ग्लासात २२.५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, १२ टक्क्यांच्या तेवढ्याच ग्लासात १८. म्हणजे पाव पट जास्त, आणि फळाच्या गोडव्यामुळे तो लक्षातही येत नाही. तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ शाबूत हवी असेल तर थुंका. गाडी चालवायची असेल तर थुंकूनही चालवू नका.

क्रम कमी मद्यार्काकडून जास्तीकडे. उलट केले तर ग्रेदोसची नाजूक वाइन प्रियोरातच्या मागून पाण्यासारखी लागते. शक्य असल्यास बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर आकडे टाका. नाव दिसले की चव बदलते, हे जाणकारांनाही चुकत नाही.

पहिली पायरी: पाहणे

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग आणि कड वेगवेगळी पाहा. ग्रेनाश बहुतेकदा माणकासारखी लाल, पारदर्शक असते. खालच्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. कड विटकरी किंवा नारिंगी दिसली तर घाबरू नका. या वाणाचा रंग हवेशी लवकर हरतो, त्यामुळे चार-पाच वर्षांची वाइनही इतर वाणांच्या दहा वर्षांच्या वाइनइतकी वयस्क दिसू शकते. गडद जांभळी झाक दिसली तर त्यात सिरा किंवा कारिन्येना असण्याची शक्यता धरा.

काचेवरून ओघळणारे थेंब पाहून ‘काय भारी वाइन आहे’ म्हणण्याची पद्धत आहे. ते थेंब मद्यार्क उडून जाताना पृष्ठताणातल्या फरकामुळे तयार होतात. ते मद्यार्क किती हे सांगतात, दर्जा नाही. ग्रेनाशमध्ये ते भरपूर असणारच. या पायरीवर अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबू नका. रंगाला एवढेच महत्त्व पुरे.

दुसरी पायरी: हुंगणे

आधी ग्लास न हलवता हुंगा, मग तीन-चार वेळा गोल फिरवून पुन्हा. एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे घ्या. नाकात चुणचुण झाली तर ग्लास दोन-तीन सेंटिमीटर दूर न्या. तरीही चुणचुण राहिली तर वाइन गरम आहे किंवा मद्यार्क तोलाबाहेर आहे. पाच मिनिटे गार करून पुन्हा पाहिल्याशिवाय कोणते ते ठरवू नका.

आता वासाची नावे. डझनभर फळांची यादी करण्याचा हव्यास सोडा. तीनच प्रश्न विचारा.

फळ कोणत्या अवस्थेत आहे? ताजी स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, लाल चेरी असेल तर द्राक्षे वेळेवर काढली. शिजवलेली स्ट्रॉबेरी किंवा जॅम असेल तर उशिरा. मनुका आणि सुके अंजीर तरुण वाइनमध्येच येत असतील तर मणी वेलीवरच सुकू लागले होते. खाऊच्या दुकानातल्या लाल गोळीसारखा वास आला तर तो बहुधा भरमसाट पिकाचा किंवा कार्बनिक पद्धतीने, म्हणजे अख्खे घड बंद टाकीत आंबवण्याचा परिणाम.

फळापलीकडे काय आहे? पांढरी मिरी, संत्र्याची साल, ज्येष्ठमध, आणि दक्षिण फ्रान्समध्ये ज्याला गारीग म्हणतात तो उन्हात तापलेल्या थाइम, रोझमेरी, लव्हेंडरचा वास. चांगल्या ग्रेनाशची ओळख या दुसऱ्या थरात होते. फळ कुठलीही पिकलेली वाइन देते.

लाकूड जाणवते का? ग्रेनाश हवेत लवकर बिघडते, म्हणून बरेच उत्पादक ती सिमेंटच्या टाक्यांत किंवा मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत मुरवतात. छोट्या नव्या ओक पिंपांतून हवा जास्त शिरते आणि लाकडाची चवही जास्त उतरते. व्हॅनिला, नारळ, भाजलेली कॉफी असे वास फळाच्या वर चढून बसले असतील तर आमच्या मते वाइन घडवणाऱ्याने वाणावर विश्वास ठेवला नाही.

तिसरी पायरी: घोट

घोट १० ते १५ मिलिलिटरचा, म्हणजे साधारण एक टेबलस्पून. तो तोंडात आठ-दहा सेकंद फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. लगेच मत बनवू नका. ग्रेनाशचा पहिला क्षण नेहमीच गोड आणि लाघवी असतो, आणि खरी परीक्षा थुंकल्यानंतर सुरू होते.

आम्लता तपासायला मान किंचित खाली झुकवा आणि जिभेच्या कडांखाली लाळ सुटते का ते पाहा. पटकन आणि बराच वेळ सुटली तर ताजेपणा आहे. मद्यार्क तपासायला तोंडाने श्वास बाहेर सोडा. घशाशी आणि छातीच्या वरच्या भागात ऊब किती आणि ती सुखावते की टोचते? नवशिक्यांची इथे एक ठरावीक गल्लत होते: मद्यार्काच्या जळजळीला ते आंबटपणा समजतात. आंबटपणा लाळ सोडतो. जळजळ तोंड कोरडे करते.

टॅनिन, म्हणजे साल, बी आणि देठांतून उतरणारे तुरट द्रव्य, हिरड्यांवर आणि ओठांच्या आत जाणवते. ग्रेनाशचे टॅनिन साधारणपणे मऊ आणि बारीक असते. रेताड मातीतल्या वाइनमध्ये ते जवळजवळ लपलेले, प्रियोरातमध्ये खरखरीत आणि पकड असलेले. देठांसकट आंबवलेल्या वाइनमध्ये त्याला हिरवट कडा येते. ती थोडी असेल तर ताजेपणात भर घालते, जास्त असेल तर कडू लागते.

शेवटी सेकंद मोजा. चव किती टिकली यापेक्षा काय टिकले ते लिहा. फळ आणि मिरी राहिली तर उत्तम. फक्त ऊब राहिली तर फळ मद्यार्काला पुरे पडले नाही. १५.५ टक्क्यांची वाइनही तोल साधू शकते आणि १४ ची गरम लागू शकते, म्हणून आकड्यावरून निकाल देऊ नका.

ग्लास रिकामे करू नका. वीस मिनिटांनी तिन्ही पुन्हा चाखा. या वेळात वाइन दोन-तीन अंशांनी गरम झालेली असते, आणि जी आता जड, चिकट वाटू लागली तिचा तोल तपमानावर उभा होता.

मिश्रण स्वतः करून पाहा

ग्रेनाशला जोडीदार का लागतात हे वाचून कळत नाही. एकेका वाणाच्या तीन बाटल्या घ्या: ग्रेनाश, सिरा, मूरवेद्र. सुईविना सिरिंज किंवा मोजपात्र वापरा. एका ग्लासात ५० मिलिलिटर शुद्ध ग्रेनाश. दुसऱ्यात ४० ग्रेनाश आणि १० सिरा. तिसऱ्यात ३५ ग्रेनाश, १० सिरा, ५ मूरवेद्र. दुसऱ्या ग्लासात रंग लगेच गडद होतो आणि चवीचा मधला भाग भरतो. तिसऱ्यात शेवट लांबतो, टॅनिन वाढते, मांसल-मातकट वास येतो. मग सिरा २५ मिलिलिटरपर्यंत नेऊन पाहा. ग्रेनाशची संत्र्याची साल आणि फुलांसारखा हलकेपणा कुठे नाहीसा होतो तो टप्पा तुम्हाला सापडेल. तयार वाइन मिसळणे आणि द्राक्षे एकत्र आंबवणे यांचा परिणाम सारखा नसतो, पण कोण काय आणते हे समजायला हा प्रयोग पुरतो. उलट बाजूही आहे: शातोनफमधल्या शातो रायास या उत्पादकासारखी जमीन असेल, रेताड, गार, झाडीने वेढलेली, तर एकटी ग्रेनाशही पुरते.

बिघाड ओळखणे

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघरासारखा वास आणि हरवलेले फळ म्हणजे बुचामुळे बिघडलेली बाटली. ट्रायक्लोरोअॅनिसोल हे द्रव्य लिटरला काही नॅनोग्रॅम असले तरी पुरते, आणि हवेने ते जात नाही. बाटली परत करा.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास म्हणजे एथिल अॅसिटेट. अतिपिकलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये तो अधूनमधून भेटतो. अगदी थोडा असेल तर काहींना आवडतो. तबेला, घामट कातडे, बँडेज असा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा. दक्षिण ऱ्होनच्या जुन्या पद्धतीच्या वाइनमध्ये तो पूर्वी सर्रास असे आणि लोक त्याला मातीचा गुण म्हणत. फळ त्याखाली दबले असेल तर तो दोषच.

कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा, अक्रोडासारखा वास आणि सपाट चव म्हणजे हवेने बिघडलेली वाइन. ग्रेनाशमध्ये हा धोका सर्वांत मोठा, आणि पुष्कळदा तो आपणच ओढवून घेतो: वाइन दोन-तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचपात्रात, ठेवून. सिरा किंवा मूरवेद्र जास्त असलेल्या तरुण मिश्रणाला अर्धा तास हवा मानवते. शुद्ध ग्रेनाशला ग्लासात फिरवणे पुरेसे. दहा वर्षांच्या पुढची बाटली फक्त गाळ वेगळा करण्यासाठी ओता, तीही पिण्याच्या वेळीच.

जेवणाबरोबर पिताना तिखट टाळा. मिरचीतले कॅप्सेसिन आणि मद्यार्क तोंडातला उष्णता ओळखणारा एकच संवेदक चेतवतात, म्हणून जळजळ दुप्पट भासते. भाजलेले मांस, वनस्पतींचा सुवास असलेले पदार्थ, मुरलेले कडक चीज यांच्याशी तिचे जमते.

लाल कोरडीच्या पलीकडे

दक्षिण ऱ्होनमधल्या तावेलची वाइन फक्त गुलाबी असते आणि १९३६ पासून तिला नियंत्रित मूळनाम, म्हणजे कायद्याने राखलेले गावाचे नाव, आहे. ती इतर गुलाबी वाइनपेक्षा गडद आणि भरीव. १० ते १२ अंशांवर द्या, त्याहून गार केली तर मुकी होते. पांढरी ग्रेनाश ही त्याच वाणाची रंग हरवलेली शाखा. तिच्यात नाशपाती, बडीशेप, ओल्या दगडाचा वास शोधा. भरीवपणा भरपूर, आम्लता बेताची, आणि इथेही तोच तोल तपासायचा.

दक्षिण फ्रान्सच्या रूसियों भागातल्या बान्यूल्स आणि मोरी या गोड वाइन सर्वांत शेवटी चाखा. आंबवण चालू असतानाच त्यात सुमारे ९६ टक्क्यांचा मद्यार्क, रसाच्या ५ ते १० टक्के, घालून यीस्ट थांबवतात. साखर आत राहते. या युक्तीचे श्रेय परंपरेने १३ व्या शतकातल्या आर्नो द विल्नव या वैद्याला दिले जाते. ओतायचे ते ५० मिलिलिटरच, १४ अंशांच्या आसपास, आणि सोबत कमी साखरेचे गडद चॉकलेट. मुद्दाम हवेत आणि उन्हात मुरवलेल्या प्रकारात अक्रोड, कॉफी, सुके अंजीर येते; तो आधीच हवेला सरावलेला असल्याने उघडी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. लवकर बाटलीबंद केलेला रिमाज प्रकार ताज्या चेरीचा असतो, आणि तो तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. कोरडी लाल ग्रेनाश उरली तर तिला दोनच दिवस द्या, तेही फ्रिजमध्ये, अर्ध्या आकाराच्या बाटलीत काठोकाठ भरून.